किती वारा, त्याआधी कुठून वारा

विंडसर्फिंगसाठी, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर जाण्यासाठी, किनारा निवडायचा म्हटलं की नवखा माणूस आधी मोबाइलवर वाऱ्याचा वेग बघतो. १० नॉट दिसले की खूश, २० दिसले की आणखी खूश. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) तो आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. तोच १० नॉटचा वारा एका किनाऱ्यावर शिकायला उत्तम असतो, आणि पलीकडच्या वळणावर जिवावर बेतू शकतो. वारा किनाऱ्याला कोणत्या कोनात भेटतो आणि त्याआधी कशावरून वाहत आला, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आधी कोनाचं बघू. शीड कितीही चांगलं असलं तरी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांचा टापू बंद असतो. सर्वांत सोपी चाल वाऱ्याला काटकोनात. त्यामुळे वारा किनाऱ्याला समांतर असेल तर सरळ आत जाता येतं आणि त्याच रेषेने परत येता येतं. वारा थेट समुद्राकडून येत असेल तर तो तुम्हाला किनाऱ्यावर आणून सोडतो खरा, पण फुटणाऱ्या लाटांमधून बाहेर पडणंच अवघड होतं. शिकणाऱ्याला या दोन्हींच्या मधला, समुद्राकडून तिरका येणारा वारा हवा. हात दमले, शीड उचलेना, तरी वाहत वाहत थोडं पुढे वाळूलाच लागता येतं. म्हणून वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला वाळू आहे, की खडक, धक्का, नदीचं मुख, हे पाण्यात उतरण्याआधी बघायलाच हवं.

जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा दिसायला मात्र सर्वांत निरुपद्रवी. लाटा वाढायला वाऱ्याखाली पाण्याचं लांब अंतर लागतं आणि किनाऱ्याजवळ ते नसतंच, म्हणून पाणी सपाट. शिवाय झाडं-इमारती वारा अडवतात. अशा अडथळ्याची सावली त्याच्या उंचीच्या वीस-तीस पट अंतरापर्यंत जाणवू शकते, म्हणजे २० मीटर उंच झाडांच्या रांगेची ४०० ते ६०० मीटर. सावलीत ७ नॉट, बाहेर १४. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा शिडावरची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. परतीसाठी वाऱ्याकडे तोंड करून नागमोडी यावं लागतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच येत नसतं. सोबत बचाव-होडी नसेल तर नवशिक्याने या वाऱ्यात उतरूच नये.

आता माझ्या सर्वांत आवडत्या वाऱ्याकडे, खाऱ्या वाऱ्याकडे वळतो. जमीन लवकर तापते, हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते, हे आपण शाळेत शिकलो. ते चूक नाही, पण मधली पायरी त्यात गाळलेली असते. तापल्यावर जमिनीवरचा हवेचा स्तंभ फुगतो, उंच होतो. त्यामुळे काही शे मीटर उंचीवर, जमिनीच्या डोक्यावर, शेजारच्या समुद्रावरच्यापेक्षा दाब जास्त होतो आणि तिथली हवा आधी वरच्या वर समुद्राकडे सरकते. हवा निघून गेली म्हणजे जमिनीवरच्या स्तंभाचं वजन घटलं, आणि मग जमिनीलगतचा दाब उतरतो. हा फरक बहुधा एक-दोन हेक्टोपास्कलचाच असतो, तोही सरासरी १०१३ हेक्टोपास्कलमध्ये. पण खालचा खारा वारा सुटायला तेवढा पुरतो.

ही पायरी कळली की एक विचित्र वाटणारी गोष्ट उलगडते. सकाळी जमिनीकडून मंद वारा असेल तर दुपारचा खारा वारा अनेकदा जास्त चांगला येतो. हा मंद वारा वरच्या परतीच्या प्रवाहाला हात देतो. शिवाय खालची गार हवा आणि तापलेली हवा यांची सीमा किनाऱ्याजवळच रोखून धरतो, तापमानातला फरक विरू देत नाही. मात्र तो साधारण १५ नॉटच्या पुढे गेला तर खारा वारा बहुतेकदा किनाऱ्याला पोचतच नाही.

दुपार सरते तसा हा वारा वळतो. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते, दक्षिणेत डावीकडे. म्हणून उत्तर गोलार्धात समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात, तर आधी थेट तोंडावर येणारा वारा हळूहळू उजव्या हाताकडून येऊ लागतो, किनाऱ्याला तिरका होतो. दक्षिण गोलार्धात डाव्या हाताकडून. ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळचा प्रसिद्ध 'फ्रीमँटल डॉक्टर' हा खारा वारा पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून येतो, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही आहे. एकच किनारा अकरा-बारा वाजता ७ ते १० नॉटमध्ये नवशिक्याचा असतो, आणि तीन वाजता १५ नॉटच्या पुढे, पाण्यावर घसरत वेगाने जाणं शिकू पाहणाऱ्याचा.

ॲपमध्ये हे नीट उतरत नाही. जागतिक अंदाजासाठी वापरलं जाणारं अमेरिकेचं जीएफएस हे प्रारूप सुमारे १३ किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करतं. किनाऱ्यावरची एक चौकट अर्धी जमीन, अर्धं पाणी असते. 'मीटरपर्यंत अचूक' अशा जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा पाण्याकडे बघावं. ब्रिटिश नौदलातले अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांच्या १८०५ पासूनच्या वाऱ्याच्या मोजपट्टीत, आजच्या वर्णनानुसार, तुरळक पांढरा फेस म्हणजे ७ ते १० नॉट, जिकडेतिकडे फेस म्हणजे ११ ते १६. पहिल्या काही आठवड्यांत फेस जिकडेतिकडे दिसला की शीड गुंडाळावं.

पौर्णिमेला वारा हमखास वाढतो, असंही ठामपणे सांगितलं जातं. समुद्रावर जाणवेल इतका वारा चंद्र आणत नाही. तो पाणी हलवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीचे प्रवाह जोरात असतात, खाडीच्या मुखाशी तर फारच. असा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेव्हा तिथीवरून वाऱ्याचा अंदाज बांधण्यापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडावं.

हात बसला की जागा मुद्दाम वाऱ्यासाठी निवडता येते. स्पेनमधल्या तारिफाबद्दल नेहमी सांगतात की जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद आहे, म्हणून वारा चेपला जाऊन वेग घेतो. अरुंदपणाचा वाटा आहेच, पण मोठं काम दाबाच्या फरकाचं. दोन्ही बाजूंचे डोंगर हवेला वळू देत नाहीत. त्यामुळे ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ धावते आणि पूर्ण लांबीभर वेग कमावते. अशा खिंडींत सर्वांत जोराचा वारा बरेचदा सर्वांत अरुंद जागी नसून बाहेर पडण्याच्या तोंडाशी असतो. पूर्वेकडून येणाऱ्या 'लेवांते' वाऱ्यासाठी तारिफा त्या पश्चिमेच्या टोकाला आहे.

वेगाच्या विक्रमासाठी तर माणसांनी जागाच घडवली. २०१५ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने नामिबियातल्या ल्युडरिट्झला ५३.२७ नॉटचा विक्रम केला तो खुल्या समुद्रावर नव्हे, तर तिथल्या जोरदार दक्षिणी वाऱ्याशी हवा तो कोन साधून खणलेल्या, लाटा उठू न देणाऱ्या अरुंद चरात.