मुक्तस्रोत ग्राफिक डिझाइन

मुक्तस्रोत ग्राफिक डिझाइन : संगणकप्रणाली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, हे मुक्त संगणकप्रणालीचे तत्त्व बोधचिन्ह, भित्तिपत्रक, पुस्तकाची मांडणी, अक्षरसंच, नकाशा अशा दृश्य रचनांना लागू करणारी कार्यपद्धती. मुक्त साधनांनी केलेले प्रत्येक काम या व्याख्येत बसत नाही. रेषाचित्रे काढण्याच्या इंकस्केप या मुक्त प्रणालीत काढलेले पण केवळ चित्ररूपात दिलेले बोधचिन्ह मुक्त ठरत नाही. उलट मालकी हक्काच्या प्रणालीत तयार झालेली रचना बदलण्याजोग्या स्वरूपात आणि योग्य परवान्यासह दिली, तर ती बऱ्याच अंशी मुक्त ठरते. ठाण्यात स्थानकाच्या आणि नौपाड्याच्या परिसरातील डीटीपी दुकानांत ‘ओपन फाईल’ हा शब्द या चळवळीशी संबंध न येताही रूढ आहे. ज्यातील मजकूर आणि आकार अजून बदलता येतात ती ओपन फाईल, आणि अक्षरे ‘कर्व्ह’ करून, म्हणजे त्यांची रेषाकृती बनवून, छपाईला पाठवतात ती बंद. गिऱ्हाइकाने ओपन फाईल मागितली की तिचे वेगळे पैसे सांगण्याची रीत आहे. या नोंदीच्या विषयाचा गाभा त्या मागणीतच आहे.

उगम : अमेरिकन संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याची पहिली आवृत्ती आली. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा क्रिस्टीन पीटरसन यांनी १९९८ मध्ये सुचवली. दृश्य रचनांपर्यंत हा विचार नेमका केव्हा पोहोचला याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक २००० मध्ये पॅरिसमध्ये तयार झालेल्या फ्री आर्ट लायसन्सला आरंभबिंदू मानतात, काही डिसेंबर २००२ मधील क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांना. आणि साधनांच्या इतिहासाकडे कल असणारे १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी जाहीर केलेल्या गिम्प या चित्रसंपादन प्रणालीपासून सुरुवात धरतात. या सर्व घटना महत्त्वाच्या असल्या, तरी परवाना लिहिणारे, प्रणाली घडवणारे आणि प्रत्यक्ष डिझाइन करून पोट भरणारे हे तीन वर्ग तोपर्यंत बहुधा वेगवेगळेच होते. २००६ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे लिब्र ग्राफिक्स मीटिंग ही मुक्त ग्राफिक साधने घडवणाऱ्यांची आणि वापरणाऱ्यांची पहिली परिषद भरली आणि त्याच सुमारास ब्रसेल्समध्ये ओपन सोर्स पब्लिशिंग हा डिझायनरांचा गट काम करू लागला. व्यवसाय म्हणून या पद्धतीची गणना तेथून करणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्याआधीचे एक उदाहरण मात्र विसरता येत नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी तेथील ग्राफिक कला संस्थेने १९७४ मध्ये ३४ आणि १९७९ मध्ये आणखी १६ चिन्हे सिद्ध केली आणि ती सर्वांच्या वापरासाठी प्रताधिकारमुक्त ठेवली. स्वच्छतागृह, जिना, सामान ठेवण्याची जागा दाखवणाऱ्या ज्या आकृत्या आज जगभर दिसतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ या संचात आहे.

लोककला ही मुक्त डिझाइनचीच जुनी परंपरा होय, असे मत अधूनमधून मांडले जाते. ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात वारली चित्रकलेचा दाखला हमखास दिला जातो, कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. या चित्रांचा काळ कोणी दहाव्या शतकापर्यंत, तर कोणी प्रागैतिहासिक शैलचित्रांपर्यंत मागे नेतात. परंतु हे अनुमान मुख्यतः आकारांच्या साम्यावर उभे आहे आणि गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र फार काळ टिकत नाही, हे लक्षात घेता सावधपणे बोलणेच बरे. कागदावरील वारली चित्रांचा प्रसार १९७० च्या दशकातला असून जिव्या सोमा मशे यांच्यामुळे तो जगभर झाला. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्या सामग्रीतून कोणीही काढावे आणि कोणाच्याही नावाने ओळखले जाऊ नये, हे साम्य खरे आहे. पण लग्नाचा चौक, म्हणजे लग्नावेळी भिंतीवर काढतात ती चौकोनी रचना, कोणी, केव्हा आणि कोणत्या विधीसह काढायचा याचे नियम समाजाचे आहेत. ते ‘कोणालाही, कशासाठीही’ या मुक्त परवान्याच्या अटीशी जुळत नाहीत. वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशांक म्हणून झालेली नोंदणीही उलट दिशेची आहे, कारण ती हे नाव ठरावीक प्रदेशातील कलाकारांपुरते राखते. म्हणून सामूहिक परंपरा आणि मुक्त परवाना या दोन वेगळ्या गोष्टी मानणारे मत येथे ग्राह्य धरले आहे. एखाद्या समाजाची कला ‘मुक्त’ ठरवण्याचा अधिकार बाहेरच्यांनी घेऊ नये, असेही त्यातून निघते.

मूळ फाईल म्हणजे काय : संगणकप्रणालीत स्रोत आणि चालणारा कार्यक्रम यांतला फरक स्पष्ट असतो, चित्रात तो तसा नसतो. स्टॉलमन यांनी व्यावहारिक उपयोगाच्या कृती, मते मांडणाऱ्या कृती आणि कलाकृती असा भेद केला आहे. पहिल्या वर्गाला ते पूर्ण स्वातंत्र्य मागतात आणि त्यात अक्षरसंचाचाही समावेश करतात. ग्राफिक डिझाइन या तिन्ही वर्गांत थोडेथोडे बसते, आणि बहुतेक वाद तेथूनच उद्भवतात. व्यवहारात मूळ फाईल ओळखण्याची एक साधी कसोटी पुरते : कर्त्याला स्वतःला उद्या दुरुस्ती करायची झाल्यास तो जी फाईल उघडेल, ती मूळ फाईल.

एसव्हीजी हा रेषाकृतींचा फाईलप्रकार वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सप्टेंबर २००१ मध्ये शिफारस म्हणून मान्य केला आणि इंकस्केप (२००३) त्यावरच आधारलेले आहे. अशी फाईल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहिली, तर रंगांचे अंक, चौकोनांची मापे आणि त्यांच्यामध्ये ‘ठाणे’ हा शब्द जसाच्या तसा वाचता येतो. तोच शब्द कर्व्ह केलेला असेल, तर त्याच्या जागी शेकडो अंकांची रांग दिसते. ती वाचूनही त्यात ‘ठ’ होता हे कळत नाही. युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारा संकेत, येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या अक्षरसंचात तो टंकलेला असेल, तर तिसरीच अवस्था असते : पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची जुळणी असते आणि तो विशिष्ट अक्षरसंच संगणकावर नसला की मजकूर निरर्थक होतो. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका यांचा दोन-तीन दशकांचा साठा अशाच स्वरूपात दुकानांच्या संगणकांवर आहे. फाईल हाती असूनही ती उघडून वाचता येत नाही, ही मराठी मजकुराची मोठी हानी आहे.

अक्षरसंच : मराठीपुरता या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग हाच. १९९१ मध्ये निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची रचना भारतीय लिप्यांसाठीच्या १९८८ च्या इस्की संकेतावर बेतलेली होती. त्यामुळे मराठीच्या काही गरजा मागाहून भरून काढाव्या लागल्या. ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतला भेद मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असतो. पण दुसऱ्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो, एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात धरला. ही रूपे हिंदी वळणाच्या अक्षरसंचात मिळवायची, तर अक्षरसंचात तशी पर्यायी रूपे असावी लागतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी लागते. बंद अक्षरसंचात ही उणीव आढळली की निर्मात्याला कळवून वाट पाहावी लागते; मुक्त अक्षरसंचात जाणकार स्वतः ‘ल’ काढून घालू शकतो. मुक्तपणाचा मराठीला झालेला लाभ इतक्या नेमकेपणाने अन्यत्र दाखवता येत नाही.

आरंभीच्या मुक्त देवनागरी अक्षरसंचांपैकी इंडिकट्रान्स गटाचा गार्गी आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या सहभागाने झालेला रघू हे उल्लेखनीय आहेत. दोन्ही जनरल पब्लिक लायसन्सखाली निघाले. हे केंद्र पुढे सी-डॅक या केंद्र शासनाच्या संगणक संशोधन संस्थेत विलीन झाले आणि त्याचा नवी मुंबईतला परिसर खारघर स्थानकासमोर, बेलापूरच्या हद्दीत आहे. जनरल पब्लिक लायसन्स अक्षरसंचाला नीट मानवत नाही, कारण पीडीएफमध्ये अक्षरसंच अंतर्भूत केल्यास दस्तऐवजालाही तोच परवाना लागू होतो काय, अशी शंका निघते. तिच्यावर अपवादाचे कलम जोडण्याचा उपाय झाला. पण खरा तोडगा म्हणजे एसआयएल या संस्थेचे ओपन फाँट लायसन्स. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची आहे. त्यानुसार अक्षरसंच नुसता सुटा विकता येत नाही, बदललेली प्रत त्याच परवान्याखाली द्यावी लागते, राखीव ठेवलेले मूळ नाव तिला देता येत नाही. मात्र त्या अक्षरांनी छापलेल्या मजकुरावर कोणतेही बंधन येत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे अक्षरसंच, तसेच राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या अक्षरसंचावर आधारलेला आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, हे याच परवान्याखाली उपलब्ध आहेत.

छपाईतील अडचणी : मुक्त साधनांविषयी छापखान्यांत जी साशंकता आढळते, तिला कारण आहे. गिम्प आणि इंकस्केप यांचा पाया पडद्याच्या तीन रंगांचा. छपाई चार शाईंची. पडद्यावरचा काळा रंग रूपांतरात चारही शाईंत विभागला गेला आणि वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील ऑफसेट यंत्रावर प्लेट केसभर जरी सरकली, तरी भिंगाखाली बारीक मजकुराच्या शिरोरेषेला एका अंगाने निळी आणि दुसऱ्या अंगाने तांबडी कड दिसते. उपाय असा की चित्र कुठेही काढले तरी अंतिम पान स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या मुक्त प्रणालीत लावावे, मजकुराला फक्त काळी शाई द्यावी आणि तेथून छपाईयोग्य पीडीएफ काढावी. स्क्रायबसच्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे तुटत असत. मजकूर जुळवणारी हार्फबझ ही प्रणाली १.५ च्या विकास-आवृत्त्यांत जोडली गेली आणि जानेवारी २०२४ च्या १.६ या स्थिर आवृत्तीतून ती सर्वांना मिळाली. मराठी पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत मुक्त साधनांनी सिद्ध करणे त्यानंतर सुकर झाले.

परवाने : क्रिएटिव्ह कॉमन्सचे सर्व परवाने मुक्त नाहीत. केवळ श्रेयनिर्देश मागणारा, आणि श्रेयनिर्देशासह ‘तसेच पुढे वाटा’ म्हणणारा, हे दोन मुक्त होत. व्यापारी वापराला किंवा बदलाला मनाई करणारे तसे मानले जात नाहीत. मनाई निरुपद्रवी वाटते, पण मंडळाची स्मरणिका घेतली तरी अडचण कळते : ती फुकट वाटली जाते, मात्र तिच्या मागच्या पानांवर दुकानदारांच्या जाहिराती असतात. तो वापर व्यापारी म्हणायचा की नाही, हे परवान्याचे शब्द वाचून ठरत नाही. नकाशांच्या बाबतीत ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या मुक्त नकाशाचा आधार घेता येतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा मार्ग किंवा नेरूळ, वाशी येथील सेक्टरांचा आराखडा त्यावरून काढावा, छापील पत्रकावर श्रेय द्यावे, एवढीच मुख्य अट. बोधचिन्हाला प्रताधिकाराबरोबर व्यापारचिन्हाचेही संरक्षण असते आणि एक सोडून दुसरे राखता येते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने २०१४ मध्ये आपली बोधचिन्हे मुक्त परवान्याखाली आणताना व्यापारचिन्हाचे हक्क कायम ठेवले.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. नोकरीत नसलेल्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरने काढलेल्या रचनेचा पहिला हक्कदार, काही अपवाद वगळता, तो स्वतःच असतो, मग पैसे गिऱ्हाइकाने दिलेले का असेनात. कलम ३० प्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यावरील सहीची अट काढली आणि कलम २१ खाली जाहीर सूचना देऊन हक्क सोडण्याचीही सोय केली. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा पेनड्राइव्हवर ओपन फाईल हातात पडली, म्हणजे ती बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा अधिकार आपोआप मिळाला, असे होत नाही. परवान्याचे नाव, त्याची आवृत्ती, कर्त्याचे नाव आणि वर्ष ही एक ओळ बिलावर आणि फाईलच्या माहितीच्या चौकटीत लिहिली, की तो अधिकार लेखी स्वरूपात फाईलबरोबर जातो.