लिनक्स सर्व्हरचे बूट मोड : टेक्स्ट आणि ग्राफिकल

लिनक्स सर्व्हर सुरू झाल्यावर पडद्यावर माउसने हाताळायचा डेस्कटॉप यावा की काळ्या पडद्यावर नुसता लॉगिन प्रॉम्प्ट, हे ठरवणारी व्यवस्था. डेस्कटॉप आला तर तो ग्राफिकल मोड, प्रॉम्प्ट आला तर टेक्स्ट किंवा कन्सोल मोड. टेक्स्ट मोडमध्येही नेटवर्क, डेटाबेस, वेब सर्व्हर, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) असे सगळे चालू असते. ग्राफिकल मोडमध्ये त्याच पायावर डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनची खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम, आणि त्यामागचा डेस्कटॉप चढतो. मोड बदलतो तेव्हा एवढा वरचा थरच येतो किंवा जातो. सर्व्हर टेक्स्ट मोडमध्ये टाकला म्हणजे तो अर्धवट चालतो, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे.

जुन्या पद्धतीत या अवस्थांना रनलेव्हल म्हणत आणि त्या आकड्यांनी ओळखल्या जात. ही कल्पना एटी अँड टीच्या सिस्टीम व्ही युनिक्समधून आली. ० म्हणजे बंद, १ म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्या रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याची, अवस्था, ६ म्हणजे रीबूट, यावर बहुतेकांचे एकमत होते. मधल्या आकड्यांवर नव्हते. रेड हॅट या लिनक्स वितरणाच्या परंपरेत ३ हा टेक्स्ट आणि ५ हा ग्राफिकल. स्लॅकवेअरमध्ये ग्राफिकलसाठी ४. डेबियनमध्ये २ ते ५ हे चारही मुळात सारखेच. ‘इनिट ३ कर’ (रनलेव्हल ३ वर जा) हा सल्ला म्हणूनच रेड हॅटवर लागू पडे आणि डेबियनवर डेस्कटॉप जागच्या जागी राही. कायमचा बदल इनिटटॅब या फाइलीतल्या एका ओळीत होत असे: ५ च्या जागी ३ लिहायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. त्या ओळीत चुकून ६ लिहिला गेला तर यंत्र सुरू होताच पुन्हा रीबूट होई, आणि हे चक्र थांबत नसे. रेड हॅटच्या फाइलीत तसा इशाराच छापलेला असे.

२०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टमडी हे यंत्र सुरू करणारे आणि सेवा सांभाळणारे सॉफ्टवेअर आणले. फेडोरा १५ ने २०११ मध्ये, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये, तर डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ यांनी २०१५ मध्ये ते मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारले. आकड्यांच्या जागी टार्गेट ही नावे आली: टेक्स्टसाठी ‘मल्टी-यूजर’, डेस्कटॉपसाठी ‘ग्राफिकल’. ग्राफिकल टार्गेटला मल्टी-यूजर टार्गेट अनिवार्य असते. डिस्प्ले मॅनेजरची मात्र त्याची फक्त इच्छा असते, सक्ती नसते. उबुंटू सर्व्हरवर डेस्कटॉप नसूनही मूळ टार्गेट ग्राफिकल दिसते आणि नवखा माणूस गोंधळतो, त्याचे कारण हेच. दाखवायला काही नाही, म्हणून यंत्र मुकाट्याने टेक्स्ट प्रॉम्प्टवर थांबते. अशा यंत्रावर टार्गेट बदलून काहीच फरक पडत नाही.

बदल तीन प्रकारे करता येतो आणि त्यांची गल्लत झाली की घोटाळे होतात. सिस्टमसीटीएल या सिस्टमडीच्या आज्ञेतल्या ‘सेट-डिफॉल्ट’ने पुढच्या प्रत्येक बूटसाठी निवड पक्की होते. ही आज्ञा फक्त ‘डिफॉल्ट टार्गेट’ नावाची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी खूण, नव्या टार्गेटकडे वळवते. चालू पडद्याला हात लावत नाही. सध्या कुठली निवड आहे हे ‘गेट-डिफॉल्ट’ सांगते. ‘आयसोलेट’ याच्या उलट: बदल तत्काळ होतो, पण रीबूटनंतर टिकत नाही. नव्या टार्गेटला नको असलेली प्रत्येक सेवा ती थांबवते. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमधून मल्टी-यूजरकडे आयसोलेट केले, तर ते टर्मिनल आणि त्याच्या शेजारी उघडी असलेली न जतन केलेली कामे सगळीच जातात. ही आज्ञा एसएसएचवरून किंवा दुसऱ्या आभासी कन्सोलवरून, म्हणजे त्याच यंत्राच्या वेगळ्या टेक्स्ट पडद्यावरून, द्यावी.

तिसरा प्रकार एका बूटपुरता असतो, आणि प्रत्येक अ‍ॅडमिनने तो आधीच करून पाहिलेला असावा. ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, याच्या मेन्यूत ‘ई’ दाबायचे, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘systemd.unit=multi-user.target’ किंवा जुन्या सवयीचा नुसता ३ जोडायचा, आणि कंट्रोल-एक्सने बूट करायचे. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अपडेटनंतर पडदा काळा पडतो तेव्हा आत शिरायला ही वाट कामी येते.

सर्व्हरला नेहमीसाठी टेक्स्ट मोडच योग्य. डेस्कटॉप मेमरी खातो आणि अपडेट करावे लागणारे शेकडो पॅकेज सोबत आणतो. त्याहून त्रासदायक म्हणजे डेस्कटॉपला वैयक्तिक संगणकाच्या सवयी असतात. जीनोम या डेस्कटॉपच्या ३.२८ आवृत्तीपासून, विजेवर चालणारे यंत्रसुद्धा वीस मिनिटे कोणी हात लावला नाही तर झोपी जावे, अशी मूळ मांडणी आली. लॉगिनच्या खिडकीवर थांबलेला सर्व्हर कोणी एसएसएचने वापरत असला तरी निद्रिस्त होऊ शकतो. ऑरॅकल डेटाबेससारख्या ग्राफिकल इन्स्टॉलरसाठी अनेक जण डेस्कटॉप बसवतात. त्याचीही गरज नसते. एसएसएचवरून एक्स फॉरवर्डिंग करता येते, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची खिडकी आपल्या संगणकावर दाखवता येते, किंवा उत्तरे आधीच लिहिलेली रिस्पॉन्स फाइल देऊन इन्स्टॉलर पडद्याविना चालवता येतो.

विंडोजमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून सर्व्हर कोअर हा जवळपास खिडक्यांविना चालणारा पर्याय आहे. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये कोअर आणि पूर्ण डेस्कटॉप यांच्यात ये-जा करता येई. २०१६ पासून ती सोय काढली आणि निवड इन्स्टॉल करतानाच करावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांना टेक्स्ट मोडची एक मर्यादा ठाऊक असायला हवी. लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) कन्सोलमधील फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात आणि अक्षरे जोडण्याची यंत्रणा त्यात नाही. देवनागरी नावांच्या फाइली तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन दिसतात. फाइलीतला मजकूर त्याने बिघडत नाही, बिघडते ते फक्त दिसणे. त्याच सर्व्हरला आपल्या डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमधून एसएसएचने जोडले, तर अक्षरे आपल्याकडचा फॉन्ट रंगवतो आणि नावे वाचता येतात. जोडाक्षरे आणि वेलांट्या कितपत जुळतात हे त्या टर्मिनलवर अवलंबून असते.