वास गेला म्हणजे वायू गेला?

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीकडच्या कारखान्यांत सांडपाण्याच्या टाकीपाशी हे हमखास ऐकू येतं: "भाऊ, सकाळी लय वास होता, आता काहीच नाही. उघडा झाकण बिनधास्त." साफ चूक, आणि जिवावर बेतणारी.

सडक्या अंड्यांसारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. पण प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वायू वाढतो, वास मात्र ‘जातो’. त्यात तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचून राहतो. मीटरनं मोजल्याशिवाय आत डोकावायचंसुद्धा नाही.

काही जण सुगंधी फवारा मारतात. संत्र्याचा मारा की मोगऱ्याचा, वायू तेवढाच!

खरं काम पाण्यात आहे. ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर जोरात. पाण्याचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा; आम्ल वाढलं की तो उतरतो) ७ असेल तर जवळपास निम्मं सल्फाइड वायू होऊन उडायला मोकळं, ९ वर साधारण १ टक्काच. म्हणूनच अशा टाकीत आम्लाचं धुवण ओतलं की वायूचा लोट उठतो. सडलेल्या पाण्यात एकदम ब्लोअरनं हवा सोडली तरी तेच. पाण्यात हवा पहिल्यापासून खेळती हवी. नाहीतर झाकण घट्ट लावून आतली हवा पंख्यानं ओढायची आणि स्क्रबरमधून, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी फवारून वायू शोषणाऱ्या यंत्रातून, न्यायची. कॉस्टिक संपलं की तो स्क्रबर म्हणजे नुसता कारंजा.