आधी वजनकाटा, मग सुई

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवळाच्या सभामंडपात रक्तदान शिबिर असलं की दाराशी पहिल्यांदा मांडला जातो तो वजनकाटा. नवखा दाता त्यावर उभा राहूनच विचारतो, “कितलें रगत काडटले?” वजन 45 किलोच्या खाली असेल तर त्याला परत पाठवतात. 45 भरलं की 350 मिलिलिटर, आणि 55च्या वर 450 मिलिलिटरही घेता येतं. रक्ताचा अंदाज वजनावरून बांधायची ही रीत सहजासहजी हाती आलेली नाही.

1628 साली विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने हिशेब मांडला. ठोक्यागणिक अगदी थोडं रक्त धरलं, तरी हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं तेवढं सबंध अंगात नसतंच. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून येत असणार. पण ते एकूण असतं किती? 1850च्या दशकात जर्मनीत बिशॉफने शिरच्छेद झालेल्या कैद्यांचं रक्त गोळा केलं, उरलेलं रक्तवाहिन्या धुऊन काढलं आणि त्या धोवणाच्या रंगावरून मोजलं. उत्तर आलं, वजनाचा साधारण तेरावा हिस्सा. वाचताना अंगावर काटा येतो, पण आजचा आकडाही त्याच्या अगदी जवळ आहे.

जिवंत माणसाचं रक्त मोजायची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. हंड्यातल्या पाण्यात एक पळी कोकमाचं आगळ घालून ढवळलं, तर रंग किती फिका पडला यावरून पाणी किती ते सांगता येतं. 1900 साली हॉल्डेन आणि लॉरेन स्मिथ यांनी माणसांना मोजका कार्बन मोनॉक्साइड हुंगायला दिला आणि बोटातल्या थेंबात तो किती उतरला ते पाहिलं. त्यांचं उत्तर विसाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे बरंच कमी आलं. पद्धत मात्र टिकली: 1915 मध्ये शिरेत रंगद्रव्य टोचून, 1950 मध्ये किरणोत्सारी क्रोमियमची खूण केलेल्या तांबड्या पेशी सोडून. 1962च्या नॅडलरच्या सूत्रात वजनाच्या जोडीला उंचीही आली, कारण चरबीत रक्त कमी खेळतं.

आता ढोबळ मानाने पुरुषात किलोमागे 70 मिलिलिटर, बाईत 65 धरतात. काट्यावरचा दाता 60 किलोचा असेल, तर त्याच्या अंगात सुमारे 4.2 लिटर रक्त आहे. त्यातलं 350 म्हणजे बारावा भाग. द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषाला पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळते, बाईला चार.