क्रोमियम कुठेच जात नाही

कारखान्याच्या सांडपाण्यावर रामबाण म्हणून जिवाणूंच्या पुड्या विकल्या जातात. त्यांच्या जाहिरातीत बऱ्याचदा एक ओळ असते : ‘जड धातूही खाऊन टाकतात’. ती वाचली की माझं डोकं फिरतं. जिवाणू साखर खातात, फिनॉल खातात, योग्य जातीचे असले तर तेलही खातात. म्हणजे कार्बनचे मोठे रेणू तोडून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. क्रोमियम मात्र मूलद्रव्य आहे. त्याचा अणू कुठल्याही जिवाणूच्या पोटात मोडत नाही. जिवाणू फार तर त्याचं रूप बदलतील, नाहीतर त्याला अंगाला चिकटवून घेतील. मग त्या मेलेल्या जिवाणूंचा गाळ हाच घातक कचरा होतो. पुडीवर हे छापलेलं नसतं.

‘जमीन सगळं पोटात घेते’ हा तसलाच दुसरा समज. कॅलिफोर्नियात हिंकली नावाच्या छोट्या गावाजवळ पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीचं नैसर्गिक वायू दाबून पुढे पाठवणारं केंद्र आहे. कूलिंग टॉवर गंजू नयेत म्हणून तिथल्या पाण्यात क्रोमियमची संयुगं घालत, आणि वापरलेलं पाणी १९५० ते ६०च्या दशकांत अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडून देत. जमिनीने ते पोटात घेतलं खरं, पण तिथे ठेवलं नाही. खालच्या भूजलाला देऊन टाकलं. १९९६ साली कंपनीने रहिवाशांना ३३.३ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. भूजल साफ करण्याचं काम त्यानंतरही कित्येक वर्षं चालूच राहिलं. क्रोमियम तळ्यात जाण्याआधीच परत फिरवायला जो खर्च आला असता, तो याच्या पासंगालाही पुरला नसता.

परत फिरवायचं म्हणजे काय करायचं, ते मला सविस्तर सांगायचं आहे. प्लेटिंगच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा चढवण्याच्या, सांडपाण्यावरची ही प्रक्रिया मला शाळेच्या रसायनशास्त्रातल्या सगळ्या धड्यांचं एकत्र संमेलन वाटते.

क्रोमियम दोन रूपांत भेटतं. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात क्रोमेट आयन बनून हिंडतं. या आयनाची ठेवण सल्फेटसारखी असते, आणि सल्फेट पेशीला रोजच लागतं. त्यामुळे सल्फेटसाठी उघडलेल्या वाटेने क्रोमेट बिनबोभाट आत शिरतं. आत गेल्यावर त्याचं क्षपण होतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, आणि त्या झटापटीत डीएनएला इजा होते. श्वासावाटे गेलेल्या सहा संयुजेच्या क्रोमियममुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. तीन संयुजेच्या क्रोमियमला पेशीत सहज प्रवेश मिळत नाही, म्हणून ते बरंच कमी घातक. मूलद्रव्य तेच, फरक फक्त तीन इलेक्ट्रॉनांचा.

तेव्हा पहिलं काम, हे तीन इलेक्ट्रॉन देणं. दाता म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट वापरतात, काही ठिकाणी फेरस सल्फेट. मेटाबायसल्फाइटचं पाण्यात बायसल्फाइट होतं, आणि त्याची अट एकच : पाणी चांगलं आंबट हवं, पीएच २ ते ३. या प्रक्रियेत हायड्रोजन आयन खर्च होतात, डायक्रोमेटच्या एका आयनामागे चक्क पाच. म्हणजे काम जसं पुढे सरकतं तसा पीएच आपोआप चढतो, आणि चढला की वेग पडतो. २ पीएचला काही मिनिटांत उरकणारं काम ५ पीएचला रेंगाळत बसतं. म्हणून आम्ल सोडत राहावं लागतं. उगाच जास्त सोडलं, तर बायसल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड उठतो आणि ऑपरेटर खोकत बाहेर येतो. काम नीट झालं की नारिंगी पाणी हिरवं होतं.

इथे बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात, पण हिरवं पाणी म्हणजे अर्धी वाट. तीन संयुजेचं क्रोमियम अजून विरघळलेलंच आहे. आता उलट दिशेने जायचं : चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पीएच वर न्यायचा, म्हणजे क्रोमियम हायड्रॉक्साइडचा साका पडतो. याचं गणित फार देखणं आहे. क्रोमियमच्या एका आयनाला तीन हायड्रॉक्साइड लागतात, त्यामुळे पाण्यात किती क्रोमियम विरघळून राहील ते हायड्रॉक्साइडच्या प्रमाणाच्या घनावर ठरतं. पीएच एकाने वाढला की हायड्रॉक्साइड दहापट होतं. दहाचा घन हजार. म्हणजे पीएचच्या एका पायरीला विद्राव्यता हजारपट कोसळते! निकेल, जस्त या दोन संयुजांच्या धातूंना घनाऐवजी वर्ग लागतो, ते पायरीला शंभरपटच घसरतात. (हे कागदावरचं. प्रत्यक्षात अर्धवट जोडलेले हायड्रॉक्साइडचे आयनही पाण्यात असतात, त्यामुळे तळाशी येता येता उतार सपाट होतो.)

मग पीएच वाढवतच का नेऊ नये? कारण हा साका उभयधर्मी आहे, आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही. आणखी हायड्रॉक्साइड मिळालं की चौथं जोडून घेऊन तो पुन्हा ऋण आयन होतो आणि पाण्यात परततो. आलेख काढला तर दरी दिसते. क्रोमियमच्या दरीचा तळ साधारण ८ ते ९ पीएचच्या दरम्यान. जस्ताचा त्याच्या जरा पुढे, निकेलचा १०च्याही पलीकडे. सगळ्या धातूंचं पाणी एकाच टाकीत ओतलं, तर कुठलाही एक पीएच सगळ्यांना मानवत नाही : निकेल पुरतं बसेपर्यंत क्रोमियम पुन्हा उठायला लागतं. वर धुलाईच्या रसायनांमधलं ईडीटीए किंवा अमोनिया आलं असेल, तर ते धातूला मिठी मारून बसतं आणि चुना बघत राहतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पहिली पायरी वगळून थेट चुना घालणं. क्रोमेट स्वतःच ऋण आयन, त्याला हायड्रॉक्साइडचं काय? बाकीचे धातू खाली बसतात, वर नितळ पाणी दिसतं, आणि सहा संयुजेचं क्रोमियम त्यातून निवांत नाल्याला लागतं. ते पातळ झालं की पिवळेपणा डोळ्यांना दिसत नाही. डायफेनिलकार्बाझाइड घालावं, क्रोमेट असेल तर पाणी जांभळट होतं. पाणी नितळ आहे म्हणून सही करणाऱ्या मॅनेजरच्या टेबलावर ही बाटली असायला हवी, असं माझं मत आहे.

प्रवाह वेगळे ठेवण्याचं आणखी एक कारण तर जिवावर बेतणारं. काही प्लेटिंग बाथमध्ये, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाक्यांत, सायनाइड असतं. त्याची विल्हेवाट १०च्या वरच्या पीएचला क्लोरीनने लावतात. क्रोमियमला लागतं आम्ल. हे दोन पाइप एकत्र आले, तर आम्लामुळे हायड्रोजन सायनाइड वायू मोकळा होतो. म्हणून प्लेटिंगच्या कारखान्यात नळांचे रंग वेगळे ठेवणं हे सजावटीचं काम नाही.

पण ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) कितीही चोख चालवला तरी तिथे पोचणारं क्रोमियम हे विकत घेतलेलं क्रोमियम असतं, आणि व्यवसाय म्हणून खरी बचत त्याच्या आधीच आहे. बाथमधून काढलेल्या भागाला चिकटून द्रावण बाहेर येतं, त्याला ड्रॅग-आउट म्हणतात. समजा तासाला १ लिटर ड्रॅग-आउट आहे आणि धुऊन तो हजारपट पातळ करायचा आहे. एका टाकीत धुतलं तर तासाला १००० लिटर पाणी लागेल. दोन टाक्या लावून पाणी उलट्या दिशेने चालवलं, म्हणजे भाग पहिल्या टाकीतून दुसरीत आणि पाणी दुसरीतून पहिलीत, तर लागतं हजाराचं वर्गमूळ, सुमारे ३२ लिटर. तीन टाक्यांना घनमूळ, १० लिटर. धुलाई तेवढीच, पाणी शंभरावा हिस्सा. शिवाय पहिल्या टाकीतलं पाणी इतकं दाट होतं की बाथमधून वाफेने जाणाऱ्या पाण्याची भरपाई त्यानेच करता येते, म्हणजे काही क्रोमियम घरी परत. भागावरचं द्रावण बाथवरच काही सेकंद जास्त निथळू देणं तर फुकटचं. ‘झिरो डिस्चार्ज’ची, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडतच नाही अशी, पाटी लावून महागडी यंत्रं बसवणाऱ्यांनी आधी हे केलं आहे का, एवढं विचारून पाहावं.

एवढं करूनही उरतो तो गाळ. फिल्टर प्रेसमधून त्याच्या हिरवट-करड्या वड्या निघतात, पण प्रेस कितीही दाबला तरी त्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पुढे सिमेंट किंवा चुन्यात कालवून त्यांना बांधून ठेवतात आणि अस्तर घातलेल्या सुरक्षित भरावात पुरतात. बऱ्याच देशांच्या कायद्यात गाळ गाडीत चढला म्हणून कारखानदार मोकळा होत नाही. निघाल्यापासून पुरेपर्यंतची कागदपत्रं त्याच्याच नावावर चालतात. वाहतूकदार स्वस्तात नेतो म्हणाला, तर तो कुठे नेतो ते आधी बघून यावं.

कधी हा गाळ इतर कचऱ्याबरोबर जाळायला पाठवला जातो, आणि तिथे केलेलं सगळं उलटू शकतं. भट्टीत भरपूर ऑक्सिजन, जास्त तापमान आणि सोबत चुना मिळाला की तीन संयुजेच्या क्रोमियमचे इलेक्ट्रॉन जातात आणि राखेत कॅल्शियम क्रोमेट तयार होतं, म्हणजे पुन्हा सहा संयुजेचं, पुन्हा पाण्यात विरघळणारं. पिंपावर नुसतं ‘ईटीपी स्लज’ लिहिलं असेल, तर भट्टीवाल्याला हे कळायला काही वाव नाही. आत क्रोमियम आहे, किती आहे आणि चुन्याने बसवलेलं आहे का कॉस्टिकने, हे त्या लेबलवर यायला हवं.