पॉवर गेटिंग

चिपमधल्या ज्या भागाला सध्या काम नाही, त्याचा वीजपुरवठाच तोडून ठेवण्याच्या पद्धतीला पॉवर गेटिंग म्हणतात. नुसता क्लॉक (चिपच्या कामाला ताल देणारा सिग्नल) थांबवला तर ट्रान्झिस्टरांची उघडझाप थांबते, गळती (बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारा प्रवाह) मात्र चालूच राहते. ९० नॅनोमीटर आणि त्याहून बारीक चिपनिर्मितीच्या तंत्रांत ही गळती दुर्लक्ष करण्याजोगी उरली नाही.

पुरवठा आणि ब्लॉक (चिपचा असा एक भाग) यांच्यामध्ये जास्त थ्रेशोल्ड व्होल्टेजचे (चालू व्हायला जास्त व्होल्टेज लागणारे), स्वतः कमी गळणारे ट्रान्झिस्टर स्विच म्हणून बसवतात. पीमॉस आणि एनमॉस हे ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार. व्हीडीडीकडे (पुरवठ्याच्या धन बाजूला) पीमॉस बसवला तर तो हेडर, ग्राउंडकडे एनमॉस बसवला तर फूटर. स्विच अरुंद पडले की चालू ब्लॉकला व्होल्टेज कमी मिळून सर्किट मंदावते. फार रुंद केले की जागा जाते आणि त्यांचीच गळती वाढते.

खरी कसोटी ब्लॉकच्या सीमेवर लागते. बंद ब्लॉकचे आउटपुट धड ० नाही, धड १ नाही असे मधेच तरंगते. पुढच्या चालू गेटमधले पीमॉस आणि एनमॉस मग एकाच वेळी अर्धवट चालू राहतात, व्हीडीडीपासून ग्राउंडपर्यंत थेट प्रवाह वाहतो आणि वाचवलेली वीज तिथेच जाते. म्हणून अशा आउटपुटवर, त्याला ठरावीक ० किंवा १ वर धरून ठेवणारा आयसोलेशन सेल लागतो. तो कोणत्या मूल्याला बांधायचा हे विचार करूनच ठरवावे: ० ला सक्रिय होणारा रीसेट (ब्लॉकला सुरुवातीच्या स्थितीत आणणारा सिग्नल) ० वर बांधला, तर शेजारचा चालू ब्लॉक रीसेटमध्येच अडकून पडतो.

बंद करताना क्लॉक थांबवायचा, आयसोलेशन लावायचे, जपायची स्थिती रिटेन्शन फ्लॉपमध्ये (ब्लॉक बंद असतानाही मूल्य जपणाऱ्या घटकात) साठवायची आणि शेवटी पुरवठा तोडायचा. उठवताना पुरवठा स्थिर झाला, रीसेट देऊन काढला, साठवलेली स्थिती परत आली की मगच आयसोलेशन काढायचे. क्लॉक सर्वांत शेवटी. सगळे स्विच एकदम चालू केले तर ब्लॉकची सगळी कपॅसिटन्स एकदम भरू लागते आणि त्या झटक्याने शेजारच्या ब्लॉकचे व्होल्टेज खाली बसते. म्हणून स्विच साखळीने, आधी थोडे आणि मग बाकीचे, असे चालू करतात. या भरण्यालाही वीज लागते, त्यामुळे अगदी थोड्या वेळासाठी ब्लॉक बंद करणे तोट्याचे ठरते.

साध्या आरटीएल (सर्किटचे कोडमधले वर्णन) सिम्युलेशनला पुरवठा दिसतच नाही. आयसोलेशन राहून गेले तरी सगळ्या चाचण्या पास होतात. पुरवठ्याची रचना यूपीएफ (आयईईई १८०१) फाइलमध्ये लिहून तिच्यासह सिम्युलेशन केले, की बंद ब्लॉकची आउटपुट एक्स (अज्ञात मूल्य) होतात आणि तो एक्स पुढे कुठे पोचतो ते लगेच दिसते.