डिजिटल सातबाऱ्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही

‘ऑनलाइन सातबारा बँकेत चालत नाही, तलाठ्याचा सही-शिक्का आणा,’ हे गावोगावी अजून ऐकू येतं. ते खरं नाही.

गोंधळ दोन उताऱ्यांमुळे होतो. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. तो कामाला चालत नाही, हे बरोबरच. पण महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपये भरून निघणारा उतारा डिजिटल सहीचा असतो आणि 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ती सही ग्राह्य आहे. राज्यात ही सोय 1 मे 2018 पासून आहे. उताऱ्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक छापलेला असतो. तो महाभूमीवर टाकला की मूळ उतारा समोर येतो. हाताने मारलेल्या शिक्क्याची अशी खातरजमा कोण करतं? कर्जासाठी धावणाऱ्या शेतकऱ्याची मजुरी बुडवून त्याला परत पाठवणं हा अन्याय आहे. कुणी अडवलंच, तर तो क्रमांक तिथल्याच संगणकावर टाकून पाहायला सांगा.